फुगलेली लस आणि थांबवणाऱ्या पेशी: एका कावासाकी रुग्णाचं प्रकरण

मूल १६ महिन्यांचं, वजन बरोबर १० किलो, तापाचा सहावा दिवस. आमच्याकडे येईपर्यंत दोन अँटिबायोटिक्स देऊन झालेली आणि ताप १०३च्या खाली यायला तयार नाही. केसपेपर पुढे करायच्या आधीच आईने झबल्याची डावी बाही वर सारली आणि म्हणाली, “सर, हे आधी बघा. ह्याची जन्माची लस परत फुगलीय.”

बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, जुना व्रण. त्याच्याभोवती रुपयाएवढा लालबुंद चट्टा, मधोमध बारीक खपली. निदान खरं तर तिनेच केलं होतं, मी त्याला फक्त नाव दिलं: कावासाकी, लहान मुलांतला रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवतो. हे मूल कुणा एका घरातलं नाही. तीन-चार मुलांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण उभं केलंय. शिकवताना आम्ही असंच करतो, आणि आकडे अशा मुलांत दिसतात तेच ठेवतो.

कावासाकीवरचं बहुतेक लिखाण ‘लवकर ओळखा’ इथपर्यंत येऊन थांबतं. ते बरोबरच आहे, पण मला त्याच्या पुढचं लिहायचंय. इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या ॲन्टिबॉडींचं सलाइन) दिलं की ताप उतरतो, तो कोण उतरवतं? आणि ज्या मुलात उतरत नाही, तिथे कोण कामावर आलेलं नसतं?

सहा दिवसांतली सहा मतं

पहिल्या दोन दिवसांत साधा ताप. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. घरात ‘डोळे आले’ म्हणाले, पण चिपडं नव्हती, पाणी नव्हतं, आणि नीट पाहिलं तर बुबुळाला लागून एक पांढरी कड मोकळी राहिली होती. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ. आज्जींनी गोवर म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. पाचव्या दिवशी औषध बदललं गेलं आणि पुरळाचा दोष पहिल्या औषधावर गेला. त्याच दिवशी पायातले चांदीचे वाळे रुतायला लागले म्हणून तेल लावून काढावे लागले. पाऊल सुजलंय हे कुणी बोललं नाही, ‘वाळे घट्ट झाले’ एवढंच झालं.

मी कुणाला दोष देत नाही. या आजाराची लक्षणं एका रांगेत उभी राहत नाहीत. एक येतं तोवर दुसरं ओसरतं, आणि प्रत्येक डॉक्टरला त्या दिवसापुरतं एकच दिसतं. आमच्यासमोर आलं तेव्हा ओठ फुटून रक्ताळलेले होते, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार, तळहात-तळपाय सुजलेले, डोळे आणि पुरळ होतेच. मानेत गाठ नव्हती. ओठ आणि जीभ मिळून एकच खूण धरतात. पाच दिवसांच्या वर ताप आणि पाचपैकी चार खुणा, म्हणजे निकष पुरे.

बीसीजीची खूण त्या पाचांत स्वतंत्रपणे धरलेली नाही. जपानच्या सुधारित निकषांत मात्र तिला पुरळाच्या खात्यात जागा मिळाली आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळाच्या दंडावर ही लस असते, त्यामुळे ही खूण आपल्याला फुकट मिळालेली आहे. फक्त बाही वर करायला हवी.

रक्तात दाह दाखवणारा सीआरपी १४८, पांढऱ्या पेशी १९ हजार, प्लेटलेट ५ लाख १० हजार, अल्ब्युमिन उतरलेलं. लघवीत पू-पेशी, पण कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. एकोमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूची पुढून उतरणारी धमनी २.१ मिलिमीटर. ऐकायला आकडा क्षुल्लक वाटतो. पण एवढ्या अंगलटीच्या मुलात ती सरासरी १.७च्या आसपास असते. अंगाच्या मापाशी ताडून काढतात त्या झेड स्कोअरमध्ये हे १.८ झालं. २.५च्या पुढे गेलं की आम्ही धमनीला फुगा आला म्हणतो.

चार बाटल्या

टोमिसाकु कावासाकींनी टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात असा पहिला रुग्ण पाहिला तो जानेवारी १९६१मध्ये, चार वर्षं तीन महिन्यांचा मुलगा. काय आजार आहे ते कळलं नाही, मुलगा आपोआप बरा होऊन घरी गेला. १९६७मध्ये त्यांनी अशी ५० मुलं एकत्र मांडली. तोवर हा बालपणीचा एक निरुपद्रवी ताप वाटत होता. पुढे काही मुलं बरी झाल्यासारखी वाटून अचानक दगावली आणि शवविच्छेदनात हृदयधमन्यांत फुगे आणि गुठळ्या सापडल्या, तेव्हा कळलं की हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. पुरळ आणि ओठ हा वरवरचा देखावा.

इलाजाची वाटही जपानमधूनच निघाली. १९८४मध्ये तिथल्या डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन देऊन पाहिलं, १९८६मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने ते पक्कं केलं, आणि १९९१पासून किलोमागे २ ग्रॅम, एकाच सलाइनमध्ये, अशी पद्धत ठरली. इलाज न मिळाल्यास चारातल्या एका मुलाला धमनीत फुगा येतो. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत हे औषध मिळालं तर ते प्रमाण शंभरात चार-पाचावर येतं. बालरोगात इतकी मोठी उडी मारणारी औषधं फार नाहीत.

१० किलोच्या मुलाला २० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चार बाटल्या. एका बाटलीची किंमत ऐकून वडील बाहेर गेले आणि दोन फोन करून परत आले. रात्री नऊला पहिली बाटली लावली. आधी अगदी संथ, मग दर अर्ध्या तासाने वेग वाढवत, सकाळी सातला चौथी संपली. सिस्टर रात्रभर थर्मामीटर आणि बीपीचा पट्टा घेऊन फेऱ्या मारत होत्या. दुपारपर्यंत ताप ९९वर आला, मुलाने बिस्किट मागितलं.

दुसऱ्या दिवशी रात्री, बाटली संपून ३८ तास झाले होते, अंग पुन्हा तापलं. १०२.४.

व्याख्या इथे स्पष्ट आहे: औषध संपून ३६ तासांनंतरही ताप असेल किंवा पुन्हा येत असेल तर ते मूल इम्युनोग्लोब्युलिनला न जुमानणारं. दहातल्या एक ते दोन मुलांत असं होतं. सीआरपी अजून ९६ होता. दाहाच्या दुसऱ्या तपासणीकडे, ईएसआरकडे, मी पाहिलं नाही, कारण बाहेरून एवढं प्रथिन रक्तात ओतल्यावर तो वाढणारच. या चुकीपायी बरी झालेली मुलं दुसरा डोस घेताना मी पाहिली आहेत. दुसरा एको झाला. धमनी २.५ मिलिमीटर, झेड ३.४.

भिंतीत काय चाललं होतं

हृदयधमनीची भिंत आतून बाहेर तीन थरांची. मधल्या थराला लवचीकपणा देणारे इलॅस्टिनचे पडदे असतात. कावासाकीत प्रतिकारशक्तीच्याच पेशी तिच्यात घुसतात: आधी न्यूट्रोफिल, मागोमाग मॅक्रोफेज आणि मारक टी पेशी. त्यांच्या स्रावांनी इलॅस्टिन तुटतं, आणि दर ठोक्याला बसणाऱ्या दाबाखाली धमनी सैल पडत जाते. जुन्या सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, तसं. कशामुळे सुरुवात होते ते अजून सिद्ध झालेलं नाही. जनुकांनी तयार असलेल्या मुलात कुठलातरी जंतू ठिणगी टाकत असावा, असा कयास आहे.

बहुतेक चर्चा ठिणगीवर होते. मला थांबण्यात जास्त रस आहे. बहुतेक मुलांत हा दाह इलाज न करताही काही आठवड्यांत आपोआप शमतो. कावासाकींचा पहिला मुलगा असाच घरी गेला होता. शमणं म्हणजे जळण संपणं नव्हे. ते काम कुणीतरी अंगावर घेऊन करावं लागतं, आणि ते करणाऱ्यांत पुढे असतात नियामक टी पेशी, आमच्या बोलीत ‘टी-रेग’.

रक्तातल्या सीडी४ टी पेशींपैकी शंभरात साधारण पाच ते दहा या जातीच्या. शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये पेशीच्या अंगावरच्या सीडी२५ या खुणेवरून त्या उंदरांत वेगळ्या काढून दाखवल्या. त्या काढून टाकल्या की उंदराचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं. २००१मध्ये मेरी ब्रन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी अशाच एका आजारी उंदरांच्या वंशातून फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, आणि पुढे कळलं की या पेशींची सगळी घडण त्याच्याच हाती आहे. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

टी-रेगची काम करण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात मारामारी कमी आहे. आयएल-२ हे टी पेशींचं खाद्य. टी-रेगच्या अंगावर ते पकडणाऱ्या सीडी२५चा दाट थर असतो, त्यामुळे आसपासचं आयएल-२ त्याच ओढून घेतात आणि भांडखोर पेशी उपाशी राहतात. दुसरं, जी पेशी इतरांना ‘हा बघा शत्रू’ म्हणून दाखवत असते, तिच्या अंगावरचे चिथावणीचे रेणू त्या सीटीएलए-४ या आपल्या रेणूने अक्षरशः उपटून गिळतात. शिवाय आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडून आजूबाजूच्यांना गार करतात. यातली एकही गोष्ट कायमची नाही. हात काढला की गोंधळ पुन्हा सुरू होऊ शकतो.

कावासाकीच्या मुलांत हे पाहिलं गेलं ते २००४च्या सुमारास, पुन्हा जपानमध्येच. आजाराच्या ऐन भरात रक्तातल्या टी-रेगचं प्रमाण घटलेलं, आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर ते परत वाढलेलं. पुढे चीनमधल्या गटांनीही तेच दाखवलं, शिवाय न्यूट्रोफिलांना बोलावणाऱ्या टीएच-१७ पेशी त्याच वेळी वाढलेल्या असतात हेही. तराजूचं एक पारडं खाली, एक वर.

पण यातली सर्वात विलक्षण गोष्ट सॅन दिएगोमधून आली. अलेसांड्रा फ्रँको आणि जेन बर्न्स यांच्या गटाने बऱ्या होत असलेल्या मुलांच्या रक्तात अशा टी-रेग शोधल्या, ज्या इम्युनोग्लोब्युलिनच्याच तुकड्यांना ओळखतात. ॲन्टिबॉडीचं टोक जंतूला धरतं ते प्रत्येकीचं वेगळं, पण तिचं बूड, ज्याला एफसी म्हणतात, सगळ्यांत जवळपास सारखं असतं. या टी-रेग त्या बुडाच्या तुकड्यांना ओळखून वाढतात आणि आयएल-१० सोडतात. ज्या मुलांच्या धमन्या शाबूत राहिल्या त्यांच्यात त्या सापडल्या. ज्यांना फुगे आले त्यांच्यात ही फळी नीट उभीच राहिलेली नव्हती.

म्हणजे त्या रात्री चार बाटल्यांतून आम्ही काय दिलं? हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या ॲन्टिबॉडी, असं लेबल सांगतं. या संशोधनाच्या नजरेने पाहिलं तर थांबवणाऱ्या पेशींना एवढ्या मोठ्या प्रमाणात आवाज दिला की त्या जाग्या व्हाव्यात. आमच्या मुलात त्या जाग्या झाल्या नाहीत, किंवा झाल्या त्या पुरल्या नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनचे दुसरेही परिणाम आहेत, ते मी नाकारत नाही. पण किलोमागे २ ग्रॅम एवढा अवाढव्य डोस का लागतो, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून छळत होता, आणि त्याला पटण्यासारखं उत्तर मला पहिल्यांदा इथे दिसलं.

इथे स्वतःलाच अडवतो. रक्तात टी-रेग कमी दिसल्या म्हणजे शरीरात कमी आहेत असं होत नाही. कदाचित त्या रक्तातून निघून धमनीच्या भिंतीत कामाला गेल्या असतील. पोलीस ठाणं रिकामं दिसलं म्हणून पोलीसच नाहीत असं आपण म्हणत नाही. जिवंत मुलाच्या हृदयधमनीचा तुकडा काढून तपासता येत नाही, त्यामुळे हा पेच सहज सुटणारा नाही. त्यात माणसाच्या साध्या टी पेशीही चवताळल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात, म्हणजे मोजणीतही फसगत. म्हणून ‘टी-रेग कमी, म्हणून कावासाकी’ असं वाक्य कुणी लिहिलं तर मी ते खोडतो. नीट थांबत नाही तिथे त्यांचा तोल गेलेला दिसतो, एवढंच आज छातीठोकपणे म्हणता येतं.

जनुकांची साक्ष मात्र याच दिशेने बोट दाखवते. २००८मध्ये जपानी संशोधकांनी आयटीपीकेसी या जनुकातला एक फेर कावासाकीशी आणि धमनीच्या फुग्यांशी जोडला. हे जनुक टी पेशींचा ब्रेक आहे. ब्रेक सैल, तर गाडी उतारावर धावणार. त्यावरूनच टी पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरिन देण्याची कल्पना आली. २०१९मध्ये जपानमधल्या चाचणीत, ज्या मुलांना इम्युनोग्लोब्युलिन पुरणार नाही असा अंदाज होता त्यांना सुरुवातीपासून सायक्लोस्पोरिन जोडलं, तर धमनीतले दोष ३१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. गंमत अशी की सायक्लोस्पोरिन आयएल-२ची निर्मितीच रोखतं, म्हणजे टी-रेगचंही खाद्य तोडतं. तरी फायदा झाला. पुस्तकातली तर्कसंगती वॉर्डात आल्यावर अशी लंगडते.

एक व्हायल, आणि छातीचा एक्स-रे

रात्री साडेदहाला आमच्यासमोर तीन वाटा होत्या: आणखी चार बाटल्या, स्टेरॉइड, नाहीतर इन्फ्लिक्सिमॅब. अमेरिकेतल्या २०२१च्या चाचणीत, पहिल्या डोसला न जुमानणाऱ्या मुलांत इन्फ्लिक्सिमॅबने ७७ टक्क्यांचा ताप २४ तासांत उतरला, दुसऱ्या इम्युनोग्लोब्युलिनने ५१ टक्क्यांचा. धमन्यांच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले, हेही सांगायला हवं. आमच्या हिशेबात आणखी एक गोष्ट होती. किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे या मुलाला १०० मिलिग्रॅम, बरोबर एक व्हायल. इम्युनोग्लोब्युलिनच्या चार बाटल्यांपेक्षा ती स्वस्त पडत होती.

इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफ हा दाह भडकवणारा रेणू अडवतं. आणि आपल्याकडे टीएनएफ अडवायचं म्हटलं की पहिला विचार टीबीचा. दबून बसलेला टीबी उसळू नये म्हणून हे औषध देण्याआधी तपासणी करतात. घरात कुणाला टीबी नव्हता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मँटू, म्हणजे टीबीची त्वचेवरची चाचणी, टोचून ४८ तास थांबणं परवडणारं नव्हतं. तसंही ज्या मुलाचा बीसीजीचा व्रणच लाल होऊन बसलाय त्याची मँटू वाचायची, हा जरा विनोदच झाला असता. वडिलांना बसवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर, तुमच्या पोराला काय दिलं असतं?” या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर नसतं. मी इन्फ्लिक्सिमॅब म्हणालो.

टीएनएफ आणि टी-रेग यांचं नातं आधी संधिवातात पाहिलं गेलंय. २००४मध्ये लंडनच्या एका गटाने दाखवलं की ऱ्हुमॅटॉइड रुग्णांच्या टी-रेग संख्येने ठीक असतात पण कामात कच्च्या, आणि इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर त्यांचं काम सुधारतं. ते सांधे होते, ही धमनी. पण आग एवढी भडकलेली असते की विझवणाऱ्यालाच जवळ जाता येत नाही, ही शक्यता मला कावासाकीतही खरी वाटते. पहिल्या डोसने जे झालं नाही ते दुसऱ्या औषधानंतर का होतं, याचं माझ्या मनातलं चित्र हे असं आहे.

बारा तासांत ताप गेला, तो परत आला नाही. चौथ्या दिवशी सीआरपी ११. प्लेटलेट मात्र ८ लाख ९० हजारांपर्यंत चढल्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या चढतातच, आणि सैल पडलेल्या धमनीत गुठळी होण्याची भीती तेव्हाच सर्वात जास्त. ॲस्पिरिन लहान डोसवर आणली: ७५ची अर्धी गोळी, पाण्यात विरघळवून.

थेट टी-रेग वाढवून रक्तवाहिनीचा दाह शमवता येतो का, हे माणसांत पाहिलं गेलंय, पण कावासाकीत नव्हे. पॅरिसच्या पिती-साल्पेत्रिएर रुग्णालयात डेव्हिड सादून, डेव्हिड क्लात्झमान आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस सीमुळे रक्तवाहिनीदाह झालेले १० रुग्ण घेतले, ज्यांच्यावर आधीचे इलाज चालले नव्हते. त्यांना आयएल-२ दिलं. कॅन्सरमध्ये हेच औषध प्रचंड डोसात देतात आणि त्याने रक्तवाहिन्या गळायला लागतात. दाहाच्या रुग्णाला ते द्यायचं म्हणजे ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. पण डोस अगदी लहान ठेवला, कारण सीडी२५ने लगडलेल्या टी-रेगना थेंबभर पुरतं आणि बाकीच्यांपर्यंत ते पोचतच नाही. सगळ्यांच्या टी-रेग वाढल्या, १०पैकी ८ जणांची तब्येत सुधारली, विषाणूचं प्रमाण वाढलं नाही. २०११ची ही गोष्ट. १० माणसं, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून याला पुरावा म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा लागतो. आणि पुढे हिपॅटायटिस सीवरच नेमक्या गोळ्या आल्याने त्या रुग्णांसाठी ही वाट फारशी लागलीच नाही. तरीही, थांबवणाऱ्या पेशींना मुद्दाम बळ दिलं तर माणसाचा रक्तवाहिनीदाह हलतो, हे मला तिथे दिसतं.

नंतर

तिसऱ्या आठवड्यात बोटांची टोकं सोलली, नखाखालून सुरू होऊन मोज्यासारखी. आई घाबरून आली होती, तिला सांगितलं की हे बरं होण्याचंच लक्षण. सहा आठवड्यांनी धमनी २.२, सहा महिन्यांनी १.९ मिलिमीटर, झेड १च्या आत. प्लेटलेट उतरल्या, धमनीही मापात आली, म्हणून ॲस्पिरिन थांबवली. ती चालू असेपर्यंत घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच फोन करा, असं बजावलं होतं. त्या आजारांत ॲस्पिरिनमुळे मुलाचं यकृत आणि मेंदू धोक्यात येऊ शकतात.

सहा आठवड्यांच्या भेटीत आईने विचारलं, “त्या थांबवणाऱ्या पेशी आता आल्या का परत?” मीच तिला चित्र काढून समजावलं होतं. यासाठी रोजच्या कामात वापरावी अशी तपासणी नाही. फ्लो सायटोमेट्रीने अशा पेशी मोजणारी लॅब शोधून आकडा आणला असता, तरी त्याचा अर्थ काय लावायचा हे ठरलेलं नाही. मी एकोचा कागद तिच्यापुढे ठेवला. पेशींनी काम केलं की नाही ते धमनीच सांगते.

त्याच आठवड्यात उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला. १६ महिने पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस का रोखलाय म्हणून. त्यांचं बरोबर होतं, नोंदवहीत रकाना रिकामा दिसत होता. त्या चार बाटल्यांत हजारो दात्यांच्या गोवराविरुद्धच्या ॲन्टिबॉडीही होत्या, त्या लशीतल्या जिवंत विषाणूला अंगात रुजू देणार नाहीत, म्हणून ११ महिने थांबायचं. ट्रिपल आणि पोलिओचे बूस्टर मात्र द्या, म्हटलं. आईने माता-बाल संरक्षण कार्ड पुढे केलं. गोवर-रुबेलाच्या चौकटीत मी पेन्सिलीने पुढल्या वर्षीची तारीख लिहिली, आणि तिने ती पेनने गिरवून घेतली.